दोनदा विणलेला स्वेटर

पाठ, पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या विणून, शिवून, शेवटचा धागा आत ओवून मी स्वेटर अंगात घातला, तेव्हा बाह्या अगदी मापाच्या निघाल्या आणि अंगाचा भाग मात्र इतका आवळ होता की हात वर केले तर बॉर्डर बरगड्यांपर्यंत चढत होती. पाच महिने रोज संध्याकाळी तासभर बसून विणलेली ती माझी पहिली मोठी वस्तू होती. त्याआधी मी मफलर विणले होते, टोप्या विणल्या होत्या, आणि मफलर दोन सेंटीमीटर कमी भरला तरी कोणाचे काही बिघडत नाही. स्वेटर अशी सवलत देत नाही.

छातीचा घेर १०० सेंटीमीटर यायला हवा होता. त्यासाठी पुढचे आणि मागचे मिळून २२० टाके होते, कारण विणण्याच्या सूचनांत ४ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके भरावेत असे सांगितले होते. माझ्या हातून मात्र १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके पडले होते. दोन टाक्यांचा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण २२० टाक्यांवर तो पसरला की घेर ९२ सेंटीमीटरही भरत नाही. हा हिशेब मला सुरुवातीलाच करता आला असता. मी मापाचा तुकडा (टाके मोजून पाहायला आधी विणायचा छोटा चौकोन) विणला होताही, पण तो जेमतेम ७ सेंटीमीटर रुंद होता, मी तो धुतला नाही, आणि मधल्या ५ सेंटीमीटरमध्ये ११ टाके मोजल्यावर पट्टीच्या कडेला दिसणारा बारावा टाका कडेचा असेल म्हणून सोडून दिला. मापाचा तुकडा विणताना माणूस स्वतःशी जितके खोटे बोलतो, तितके एरवी क्वचितच बोलत असेल.

तरीही एक गोष्ट समजत नव्हती. लोकर तीच, सुयांचे माप तेच, हात माझेच, मग बाह्यांमध्ये २२ टाके आणि अंगात २४ असे कसे झाले? या एका प्रश्नासाठी मी विणकाम करणाऱ्यांच्या मंडळात गेले. एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून दोनदा दहा-बारा जण जमतात, हे मला बरेच दिवस माहीत होते, पण जायचा धीर होत नव्हता. तिथे सगळे तरबेज असतील, आपले काम पाहून मनातल्या मनात हसतील, अशी भीती होती. प्रत्यक्षात मी दार उघडले तेव्हा एक मुलगी क्रोशाच्या सुईने विणलेले गोल आसन उलटेसुलटे करून ‘हे वाटीसारखे का होते आहे?’ असे विचारत होती आणि तीन जण तिला तीन वेगवेगळी कारणे सांगत होते.

त्यांतल्या एका ज्येष्ठ बाईंना मी स्वेटर दाखवला. त्यांनी ‘छान झालाय’ असे म्हटले नाही. परवानगी विचारून (दुसऱ्याच्या विणकामाला न विचारता हात लावायचा नाही, हा त्या खोलीतला बहुधा एकमेव नियम) त्यांनी तो खिडकीपाशी नेला, पाठीचा भाग दोन्ही हातांनी आडवा ताणला, मग बाही ताणली आणि लगेच विचारले, “बाह्या गोलात विणल्यात आणि पाठ जाऊन-येऊन, बरोबर?” मी हो म्हटले. “पाठीच्या एकाआड एक ओळीत टाक्याला अढी पडली आहे. बाहीत एकही नाही.”

मी तोवर टाके मोजत होते, पाहत नव्हते. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढच्या बाजूला आणि एक मागच्या. त्यांपैकी जो पाय सुईच्या टोकाकडे असतो, त्यात सुई घालून विणले तर टाका मोकळा राहतो. दुसऱ्या पायात घातली तर दोन्ही पाय एकमेकांवर पडतात, टाका खाली आवळला जातो आणि कापड कमी ताणले जाते. आता टोकाकडचा पाय पुढे असेल की मागे, हे आधीच्या ओळीत धागा सुईवर कोणत्या बाजूने गुंडाळला यावर ठरते. मी उलट टाका घालताना धागा सुईखालून वर नेत होते, त्यामुळे पुढच्या ओळीत टोकाकडचा पाय मागे येत होता, आणि सुलट ओळीत मी मात्र नेहमीच्या सवयीने पुढच्याच पायात सुई घालत होते. जाऊन-येऊन विणताना एकाआड एक ओळ उलट असते, म्हणजे त्या उलट ओळीतल्या प्रत्येक टाक्याला पुढच्या ओळीत अढी पडत गेली. बाह्या गोलात विणताना सगळ्याच ओळी सुलट असतात, उलट ओळ येतच नाही, म्हणून तिथे दोष दिसला नाही. एकाच स्वेटरमध्ये मी नकळत दोन वेगळी कापडे विणली होती.

“उलट टाका कोणी शिकवला?” बाईंनी विचारले.

“आजीने.”

“आणि सुलट?”

सुलट टाका मी पुढे बऱ्याच वर्षांनी एका पुस्तिकेतल्या आकृत्या पाहून शिकले होते, कारण लहानपणी आजीजवळ बसून शिकलेले अर्धेअधिक विसरले होते. बाई म्हणाल्या की आजीचा उलट टाका चुकीचा नव्हता. त्या पद्धतीने विणणारे लोक सुलट ओळीत मागच्या पायात सुई घालतात आणि त्यांचे कापड अगदी सरळ येते. मी आजीचे अर्धे आणि पुस्तिकेचे अर्धे एकत्र केले होते. घरी आल्यावर मी पेटीतून आजीने विणलेली जुनी बंडी काढली आणि दिव्याखाली धरली. हजारो टाके होते आणि एकालाही अढी नव्हती. ती मागच्या पायात सुई घालत होती, हे तिच्याशेजारी इतके तास बसूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

पुढच्या बैठकीला मी उसवायच्या तयारीने गेले. एकटीने उसवायला दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा स्वेटर घडी करून परत ठेवला होता. तिथे मात्र कोणालाच त्याचे काही वाटले नाही. मंडळात एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते फक्त मोजे विणतात आणि आकडेमोडीत रमतात. त्यांनी अंगाच्या भागात सुमारे पस्तीस हजार टाके असावेत असा हिशेब करून दाखवला, त्यातून ७०० मीटरच्या आसपास धागा परत मिळेल असे सांगितले, आणि पाठोपाठ एक असा मुद्दा काढला जो मला सुचलाच नसता. तेवढेच टाके आता सैल पडणार, म्हणजे प्रत्येक टाक्याला थोडा अधिक धागा लागणार, आणि १० सेंटीमीटरमध्ये २४ ऐवजी २२ टाके म्हणजे जवळजवळ नऊ टक्के वाढ. तेव्हा ६० ते ७० मीटर धागा कमी पडेल. माझ्याकडे उरलेला गुंडा पंधरा मीटरचाही नव्हता, आणि त्या रंगाची ती बॅच केव्हाच संपली होती.

उसवण्याचेही एक तंत्र असते. आधी शिवणी सोडवायच्या, तेही फक्त शिवणीचा धागा कापून, विणलेल्या टाक्याला कात्री लागू न देता. मग ज्या टोकाला टाके बंद केले होते ते टोक शोधायचे, कारण विणकाम शेवटाकडून सुरुवातीकडेच सहज उसवते. दोन भाग सुटे झाले, दोन्ही बाह्या पिशवीत सुखरूप गेल्या, मी टोक ओढले आणि पहिली ओळ सर्रकन निघाली. समोर बसलेल्या एकाने न सांगता दोन्ही हात पुढे केले आणि मी त्यांवर धागा गुंडाळू लागले. त्याचे हात दमल्यावर दुसऱ्याने खुर्चीची पाठ पुढे केली. गप्पा चालूच होत्या. पाच महिन्यांचे काम तासाभरात चार लडींमध्ये येऊन पडले आणि मला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. एक-दोघींनी आपापल्या उसवणुकीच्या कहाण्या सांगितल्या. मोहेर या केसाळ लोकरीचे केस एकमेकांत गुंततात म्हणून ते विणकाम आधी फ्रीजरमध्ये ठेवून गार करावे लागते, हे मला तेव्हाच कळले.

उसवलेला धागा कुरळ्या केसांसारखा दिसतो आणि तसाच पुन्हा विणला तर टाके वेडेवाकडे बसतात. प्रत्येक लड चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवायची, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचे आणि सावलीत टांगायची, एवढेच करायचे असते. मी खाली वजन अडकवणार होते, ते आमच्यातल्या एका कातणाऱ्या बाईंनी थांबवले. लोकरीच्या केसालाच मुळात नागमोडी वळण असते, त्यामुळे ती हवा धरून ठेवते आणि ताणली तरी मागे येते. ओली असताना तिला वजनाने ओढले तर सुकेपर्यंत ती त्या ताणातच राहते आणि पुढे स्वेटर पहिल्या धुण्यात आक्रसतो. त्यांनी टकळी काढून मला पिळाचे गणितही दाखवले. एकेक पदर एका दिशेने पिळायचा आणि दोन किंवा अधिक पदर एकत्र करताना उलट दिशेने पिळायचे, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना धरून राहतात आणि धागा शांत राहतो. लड टांगल्यावर ती स्वतःभोवती फिरू लागली तर तोल चुकला असे समजायचे. माझ्या लडी सुकेपर्यंत निमूट लोंबत राहिल्या.

कमी पडणाऱ्या धाग्याचा प्रश्नही त्याच खोलीत सुटला. मंडळातल्या एकीजवळ त्याच लोकरीचे दोन गुंडे होते, पण वेगळ्या बॅचचे, किंचित निळसर झाक असलेले. ते तिने सहज देऊन टाकले. अशा धाग्याची जोड सपाट भागात मधूनच दिली तर सरळ पट्टा दिसतो. एक सुलट एक उलट अशा बॉर्डरमध्ये उंचसखल विणीमुळे तो फरक डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून खालची बॉर्डर आणि गळा त्या धाग्याने विणायचे ठरले.

या वेळी मापाचा तुकडा १५ सेंटीमीटर रुंद विणला, धुतला, सुकवला आणि तीन ठिकाणी मोजला. तिन्ही ठिकाणी २२ टाके आले. आजीचा उलट टाका मी तसाच ठेवला, कारण त्यात धाग्याला कमी अंतर कापावे लागते आणि उलट ओळी झरझर, एकसारख्या होतात. सुलट ओळीत मागचा पाय धरायला लागले. पहिले तीन-चार दिवस बोटे सारखी पुढच्या पायाकडे धावत होती. गळ्याचे टाके कमी करताना पुन्हा अडखळले, कारण पाय उलटे बसलेले असले की दोन टाके एकत्र घेतल्यावर उतार कोणत्या बाजूला पडेल हे बदलते आणि एका बाजूच्या उतारासाठी टाके आधी वळवून घ्यावे लागतात. शेवटी सूचना बाजूला ठेवून सुईवरचा टाका पाहायचा, टोकाकडचा पाय शोधायचा आणि त्यात सुई घालायची, एवढेच ठरवले. विणण्याची खरी गोडी मला इथपासून लागली. आधी मी कागदावरचे आकडे पाळत होते. आता चार ओळी खाली निसटलेला टाका दिसला तर तो कोणत्या ओळीचा, उलट की सुलट, हे ओळखून क्रोशाच्या सुईने शिडीसारखा एकेक पायरी वर आणता येऊ लागला.

मंडळातल्या संध्याकाळी मी तोच स्वेटर विणत होते आणि शेजारी काय काय चाललेले असे. एक जण धागा मानेभोवतून घेऊन अंगठ्याने पुढे ढकलत विणतो, त्याला उलट टाकाच सोपा वाटतो. एक मुलगी नवजात बाळांच्या कक्षासाठी टोप्या विणते; त्यांना गोंडे नकोत, धागे सुटे नकोत आणि त्या गरम पाण्यात धुता आल्या पाहिजेत, अशा तिथल्या अटी आहेत. मोजेवाल्या गृहस्थांना कोणी हौसेने विचारले की ‘पुरुष असून विणता?’, तर ते पेरूतल्या टिटिकाका सरोवरातील ताकिले बेटाचे नाव घेतात, जिथे विणकाम पुरुषच करतात, आणि मग १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र बनवणाऱ्या विल्यम ली या इंग्रज पाद्र्यापर्यंत जाऊन पोहोचतात. ज्याचे ओठ हलत असतील त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही. तो टाके मोजत असतो.

दुसऱ्यांदा अंगाचा भाग सव्वादोन महिन्यांत झाला. सगळे भाग भिजवून, मापात पसरून, कडेने टाचण्या लावून दोन दिवस सुकू दिले आणि मगच शिवले. घेर ९९ सेंटीमीटर भरला. पुढच्या बैठकीत मी तो घालूनच गेले. बाईंनी पुढून पाहिलेच नाही, काढायला लावला, आतली बाजू बाहेर केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “बाहीच्या गोलात आता कोणता पाय धरशील?” गोलात उलट ओळ नसते, म्हणून पुढचाच, असे मी सांगेपर्यंत ती बाही मोजेवाल्यांच्या हातात गेली होती आणि ते मनगटापासून ओळी मोजू लागले होते.