दुबईला जाताय? सिम घ्यायच्या आधी घरी फोन कसा लावणार ते ठरवा

मी, बायको, मोठा भाऊ आणि वहिनी, असे चौघं जळगावहून दुबईला जाऊन आलो. बुर्ज खलिफा आणि वाळवंटातल्या गाड्यांचे व्हिडिओ ढिगाने पडलेत, ते परत लिहीत बसत नाही. आल्यापासून जो भेटतो तो नेटचं काय केलं हेच विचारतोय, म्हणून तेवढंच लिहितो.

आमच्याकडे सगळेच प्रकार होते. मी आपलंच सिम ठेवून जायच्या आधी रोमिंगचा पॅक मारला, भावाने तिथे विमानतळावर पासपोर्ट दाखवून लोकल टुरिस्ट सिम घेतलं, वहिनीने घरूनच ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम) टाकून घेतलं. बायको माझ्या हॉटस्पॉटवर. हा सगळ्यात स्वस्त प्रकार, पण मॉलमध्ये ती साड्यांकडे नि मी चपलांकडे गेलो की तिचं नेट बंद.

नुसतं जीबीला किती पैसे पडतात ते बघितलं तर आमच्यात लोकल सिमच चांगलं पडलं. स्पीड पण मस्त. पण आई अमळनेरजवळ गावी असते आणि तिला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायलाच लागतं, आणि भावाचा व्हॉट्सअॅप कॉल काही केल्या लागेना. मेसेज जातात, फोटो जातात, कॉल मात्र नाही. तर झालं असं की यूएईमध्ये व्हॉट्सअॅपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल बंदच आहेत, तिथल्या नेटवर आणि हॉटेलच्या वायफायवर पण. तिथे राहणारे लोक बोटिम नावाचं कॉलचं अॅप वापरतात, पण ते समोरच्याच्या फोनमध्ये पण लागतं, आणि आईला फोनवर बोटिम टाकायला शिकवणं म्हणजे तुम्हीच समजून घ्या.

माझ्या रोमिंगवर मात्र कॉल लागला. आई पहिलं वाक्य बोलली, "जेवणं व्हयनं का?" आणि भाऊ माझ्या फोनकडे बघतच राहिला. कारण असंय की रोमिंगमध्ये टॉवर तिथला असला तरी आपलं नेट फिरून भारतातल्या कंपनीकडूनच जातं, म्हणून फोनला वाटतं आपण जळगावातच बसलोय. बँकेची अॅप्स पण कुरकुर न करता चालतात. थोडं स्लो वाटतं, एवढाच तोटा. वहिनीच्या ई-सिमवरही कॉल कधी लागायचा कधी नाही, तिचं नेट तिसऱ्याच कुठल्या तरी देशातून फिरून येत असणार. तेव्हा हे लागेलच असं धरून चालू नका, कंपनीप्रमाणे बदलू शकतं. आणि कोणी व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या देशातून फिरवणारं अॅप) टाक म्हणालं तर ऐकू नका भो, बंद असलेली गोष्ट व्हीपीएनने चालवायला गेलात तर तिथल्या कायद्यात 5 लाख दिरहमपासून दंड आहे.

ई-सिम घेणार असाल तर आधी फोनमध्ये *#06# दाबा, ईआयडी (EID, ई-सिमचा ओळख नंबर) दिसला तर फोन ई-सिमवाला आहे. अमेरिकेतून कोणी आयफोन 14 किंवा त्याच्या पुढचा आणून दिला असेल तर त्यात सिमचा ट्रेच नसतो, म्हणजे विमानतळावरचं प्लास्टिकचं सिम विसरा. ई-सिम घरच्या वायफायवरच टाकून ठेवा, आणि क्यूआर कोड दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर घ्या, त्याच फोनमधला कोड त्याच फोनने स्कॅन करायचा कसा यावर आमचा अर्धा तास गेला. बहुतेक ई-सिम फक्त डेटाचे असतात, नंबर मिळत नाही. म्हणून टॅक्सीसाठी करीम अॅप घरीच आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन चालू करून ठेवा. आणि टाकलेलं ई-सिम मध्येच डिलीट करू नका, बरेचदा परत टाकता येत नाही.

लोकल किंवा ई-सिम काहीही घेतलं तरी आपलं सिम काढून पाकिटात टाकू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघायच्या आधी कंपनीच्या अॅपमधून इंटरनॅशनल रोमिंग चालू करा, फोनमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि एका सिमचं नेट गेलं की आपोआप दुसऱ्यावर जाण्याची सेटिंग असते ती पण बंद. हे शेवटचं कोणी सांगत नाही, आणि पॅक नसताना एमबीच्या हिशोबाने पैसे कापले जाऊ शकतात ते या सेटिंगमुळे पण. नवीन सिम टाकल्यावर व्हॉट्सअॅप नंबर बदलायचा का विचारेल, नाही म्हणा.

फोटोचा बॅकअप वायफायवरच ठेवा. व्हिसाची पीडीएफ आणि दुबईचा ऑफलाइन मॅप आधीच उतरवून घ्या. देइरा गोल्ड सूकच्या म्हणजे सोन्याच्या बाजाराच्या गल्ल्यांत तो लई कामाला आला, जळगावची माणसं सोन्याच्या दुकानात शिरली की चौघं चार दिशेला जातात. तिथून खाडीपलीकडे बर दुबईला अब्राने म्हणजे होडीने 1 दिरहम देऊन जाता येतं, त्याला सुट्टे पैसे लागतात, मोबाईल काढू नका.

माझं मत विचाराल तर घरी म्हातारं माणूस असेल तर एकाच्या फोनवर रोमिंग पॅक, बाकीच्यांना लोकल सिम. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या मोबाईलवाल्यांना विचारलं तर जो तो आपलं सांगेल. पॅक घेताना फक्त बघा की दिवस 24 तासांचा धरतात का तारखेवर, रात्री उशिरा उतरणाऱ्याचा एक दिवस असाच जातो.

आणि नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा की साधा फोन करू नका, बऱ्याच पॅकमध्ये रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचे मिनिट पण आपल्याच पॅकमधून कापतात. आमच्या एका मावसभावाने तिथला सोन्याचा भाव विचारायला फोन केला, मग पाऊसपाणी, मग कापूस, मग कोणाच्या तरी पोराचं लग्न. पॅकमधले बरेच मिनिट त्यातच गेले, आणि सोनं काही त्याने घ्यायला सांगितलं नाही.