लाईट येते, नेट येत नाही

शनिवार, रात्री ११

तीन आठवडे हाच खेळ चाललाय. वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे साताऱ्यात लाईट जाते, अर्ध्या तासाने येते, आणि मग माझ्या लॅपटॉपवर तो नकोसा निरोप येऊन बसतो: वायफाय जोडलंय, इंटरनेट नाही. खाली बाबांच्या डेस्कटॉपवर मात्र त्याच वेळी यूट्यूबवर कीर्तन खणखणीत सुरू. मी दोन-चार वेळा वायफाय बंद-चालू करतो. कधी जमतं, कधी नाही. जमलं की मी विसरून जातो, म्हणून तीन आठवडे गेले.

आता नीट बसायचं ठरवलंय. आधी घरातली मांडणी सांगतो. खाली हॉलमध्ये बाहेरून इंटरनेट आणणारा फायबरचा डबा, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.१. बाबांचा डेस्कटॉप त्याला थेट केबलने जोडलेला. डब्यातूनच दुसरी केबल जिन्याच्या कडेने वर माझ्या खोलीत येते आणि एका जुन्या राऊटरला लागते. हा राऊटर फक्त वरच्या मजल्यावर वायफाय पुरवायला ठेवलाय, त्यामुळे केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातल्या यंत्रांसाठीच्या) आहे आणि वॅन पोर्ट (बाहेरचं इंटरनेट घेणारा) रिकामा. त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, मी दोन वर्षांपूर्वी स्वतः बंद केलं होतं. प्रिंटरला १९२.१६८.१.५० हा कायमचा पत्ता.

रविवार

पहिला संशय केबलवर. लॅपटॉप वायफायवरून काढून केबलने वरच्या राऊटरला लावला आणि खालच्या डब्याशी बोलतोय का पाहिलं. बोलत होता, पण राऊटरच्या पानावर खालून येणाऱ्या केबलच्या पोर्टाचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट दाखवत होता. दोन्ही टोकांचे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० हवा होता.

हे लक्षण ओळखीचं आहे. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० च्या वेगाला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली तर केबल मरत नाही, गुपचूप १०० वर उतरते, आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. भिंग घेऊन कनेक्टर पाहिला, तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. केबल कापून पुन्हा क्रिम्प केली, म्हणजे नवा कनेक्टर दाबून बसवला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिला कनेक्टर वाया गेला (तारा सरळ करताना चष्मा खाली राहिला होता), दुसरा बसला. वेग १०००.

मी खूष. आईला सांगून आलो की नेटचं काम झालं. चार वाजता पाऊस, लाईट गेली, लाईट आली, लॅपटॉपवर पुन्हा इंटरनेट नाही. केबल खरोखर खराब होती, पण तिचा या दुखण्याशी काडीचा संबंध नव्हता.

सोमवार, ऑफिसनंतर

आज जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बिघाड चालू असतानाच विंडोजच्या आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल दिलं (यंत्राच्या नेटवर्कची सगळी माहिती दाखवणारी आज्ञा) आणि गेटवेच्या, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या, ओळीवर न थांबता पुढे वाचत गेलो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०३. तिसरा आकडा शून्य! आमच्या घरात शून्यवाला पत्ता कोणी देतच नाही. त्याखाली डीएचसीपी सर्व्हर अशी ओळ असते, तिथे १९२.१६८.०.१.

म्हणजे घरात पत्ते वाटणारे दोन जण झाले होते. ०.१ हा वरच्या राऊटरचा कारखान्यातला मूळ पत्ता.

मग लाईटचं कोडं आपोआप सुटलं. लाईट आल्यावर वरचा राऊटर पाऊण मिनिटात उभा राहतो, खालच्या डब्याला अडीच-तीन मिनिटं लागतात. लॅपटॉप बॅटरीवर जागाच असतो. वायफाय दिसलं की तो हाक मारतो, "मला पत्ता द्या." पहिला देकार बहुधा वरच्याचा, आणि लॅपटॉप तो घेतो. पत्त्याबरोबर गेटवेही ०.१ मिळतो, ज्याचा वॅन पोर्ट रिकामा. तिथून बाहेर जायला वाटच नाही. शिवाय पत्ता ठरावीक मुदतीसाठी असतो, आणि अर्धी मुदत संपली की यंत्र त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतं. एकदा चुकीच्या दारात गेलेला गडी तिथेच राहतो. बाबांचा डेस्कटॉप थेट खालच्या डब्यात, तो आपल्या पत्त्यावर टिकून होता. फोनही अडकत होते, पण ते मोबाईल डेटावर सरकायचे, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

राहिला प्रश्न, बंद केलेलं डीएचसीपी चालू कसं झालं? रिसेट झाला असता तर वायफायचं नावही बदललं असतं, आणि नाव तर तेच होतं. ताईला फोन केला, सहज भाच्याला विचारलं. मे महिन्याच्या सुट्टीत तो वरच्या खोलीत झोपायचा.

"मामा, नेट स्लो होतं म्हणून मी टाचणीने रिसेट केला. पण नाव-पासवर्ड परत तेच टाकलं होतं ना!"

गडी बारा वर्षांचा आहे. रागवावं की पाठ थोपटावी कळेना.

मंगळवार

दुरुस्ती पाच मिनिटांची होती, मी ती तासावर नेली. खालून येणारी केबल काढली, लॅपटॉप एकटा वरच्या राऊटरला लावला, त्याच्या पानावर गेलो आणि उत्साहात आधी डीएचसीपी बंद केलं. राऊटर पुन्हा सुरू झाला आणि मला आत घेईना. लॅपटॉपचा पत्ता पाहिला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. कोणीच पत्ता दिला नाही की विंडोज असा स्वतःच एक घेऊन बसतं. हा आकडा दिसला की वायफायचा पासवर्ड वगैरे तपासू नका, पत्ता देणाऱ्यापर्यंत आपली हाक पोचतेय का ते बघा. इथे तर देणाऱ्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.५ दिला, मास्क (कोणते पत्ते आपल्याच रांगेतले ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, मग आत शिरलो. राऊटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, लॅपटॉप परत आपोआपवर आणला, केबल जोडली. खालचा डबा १०० पासून पुढचे पत्ते वाटतो, त्यामुळे राऊटरचा २ आणि प्रिंटरचा ५० दोन्ही सुरक्षित. ही माहिती कागदाच्या पट्टीवर लिहून राऊटरच्या पाठीला चिकटवली.

पाऊस येईपर्यंत कोण थांबतो? मेन स्विच बंद केला. खालून आईचा आवाज, "अरे, मिक्सरमध्ये चटणी आहे!" मिनिटभराने चालू केला. लॅपटॉपवर सुरुवातीला १६९.२५४, तीन मिनिटांनी १९२.१६८.१.१०४, सर्व्हर १.१. आणखी दोनदा करून पाहणार होतो, पण चटणी व्हायची होती.

गुरुवार

नेट ठीक. आता बाबांच्या डेस्कटॉपवरचं स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंचं फोल्डर लॅपटॉपवर उघडायचं होतं. दोघे एकाच घरात, एकाच रांगेतले पत्ते, तरी डेस्कटॉप पिंगलाही, म्हणजे "आहेस का?" या साध्या हाकेलाही, उत्तर देईना. तिथे नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदलेलं निघालं. अशा वेळी विंडोज शेजारच्यांना दार उघडत नाही, जे रेल्वे स्टेशनच्या वायफायवर योग्यच आहे. प्रायव्हेट केलं, शेअरिंग चालू केलं. मग पासवर्ड मागितला आणि बाबांचा चार आकडी पिन चालेना. पिन फक्त त्या यंत्रासमोर बसणाऱ्यासाठी असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. बाबांना तो आठवणं शक्य नव्हतं, म्हणून फोटोंपुरतं वेगळं स्थानिक खातं काढलं. फोल्डर उघडलं.

बाकी राहिलंय ते टीव्हीच्या जुन्या डब्याचं. त्याला तेच फोल्डर हवंय, पण तो एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटायच्या विंडोजच्या भाषेची, फक्त पहिली आवृत्ती बोलतो. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये तिचा फाइली वाटणारा भाग मुळात येतच नाही, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच भोकातून जगभर पसरला होता. चालू करता येते, दोन क्लिकचं काम आहे. बाबांच्या यंत्रावर मी ते करणार नाही. तोवर फोटो पेन ड्राइव्हवर.