क्रोझच्या खोऱ्यात सायकल: आधी गाडीत जागा पक्की करा

मध्य फ्रान्समधल्या क्रोझ नदीच्या खोऱ्यात सायकल चालवायची असेल, तर सगळ्यात आधी रेल्वेगाडीत सायकलची जागा मिळवा. मुक्काम, नकाशे, हवामान हे सगळं त्यानंतर. "पॅरिसला येतोय, थोडे दिवस खेड्यांत सायकल फिरवू" असं कुणी म्हणालं की मी त्यांना आधी हेच सांगते. आमची दमछाक चढांवर झाली नाही, फलाटावर झाली.

मी पॅरिसच्या उपनगरात राहते. दादा साताऱ्याहून आला होता. रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढणारा माणूस तो, त्याला आयफेल टॉवरपेक्षा रिकामे रस्ते बघायचे होते. व्हिसा, विमान, त्याच्यासाठी भाड्याची सायकल, सगळं विनासायास झालं. लुआर नदीच्या काठचा सायकलमार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे, सुंदर आहे, पण ऐन उन्हाळ्यात तिथे सहकुटुंब निघालेल्यांची गर्दी असते. म्हणून आम्ही आणखी दक्षिणेला, आर्जांतों-सुर-क्रोझपासून ओब्यूसोंपर्यंत जायचं ठरवलं. पॅरिसच्या ओस्तरलित्झ स्थानकातून लिमोज-तुलूझकडे जाणारी रेल्वे याच भागातून जाते.

फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या 'अँतेरसिते' गाडीत अख्खी सायकल न्यायची तर तिचं वेगळं आरक्षण लागतं, साधारण १० युरोचं, आणि त्या जागा मोजक्याच असतात. २०२१ मध्ये सरकारी आदेश निघाला आणि नव्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या गाड्यांत न उघडलेल्या सायकलींसाठी जागा ठेवणं बंधनकारक झालं. पण आठ-दहा जागा जुलैच्या शनिवारी किती वेळ टिकणार? मी एका तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपवरून आमची दोघांची तिकिटं काढली. सायकलीचा पर्याय "पुढच्या पानावर" आहे असं अ‍ॅप सांगत होतं. पैसे भरले, पुढचं पान उघडलं, तर तिथे सायकलीचं नावही नव्हतं. मदतीच्या चॅटवर उत्तर आलं की स्थानकावर जाऊन विचारा.

स्थानकावर टोकन घेऊन बसले. ऑफिस सुटल्यावर गेले होते आणि माझा नंबर लागेपर्यंत खिडक्या बंद व्हायची वेळ आली. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, दुसरीकडून काढलेल्या तिकिटाला मी सायकल जोडू शकत नाही. माणूस आणि सायकल एकाच वेळी, एकाच तिकिटात घ्यायला हवेत. हे तिकीट रद्द करा, पण तेही जिथून काढलंत तिथूनच. मी तिथेच उभी राहून अ‍ॅप उघडलं. रद्द करण्याचा अर्ज गेला, परतावा "प्रक्रियेत" गेला आणि नवीन तिकीट काढायला बघते तर त्या गाडीतल्या सायकलीच्या जागा संपलेल्या. माणसांच्या जागा भरपूर होत्या. मला आजही याचा राग येतो. सायकल नेता येणार की नाही हे तिकीट विकण्याआधी सांगणं ही काही फार मोठी मागणी नाही. ज्या प्रवाशाची सगळी सुट्टी त्या सायकलीवर उभी आहे, त्याला रिकाम्या हाताने गाडीत बसवून काय मिळतं?

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. पहिली म्हणजे सायकल उघडून पिशवीत भरायची. पिशवी १३० गुणिले ९० सेंटिमीटरच्या आत असेल तर ती सामान म्हणून जाते. माझी सायकल गेलीही असती, पण दादाची भाड्याची होती आणि दुकानदाराची अट होती की चाकांपलीकडे काहीही उघडायचं नाही. दुसरी वाट टीईआर, म्हणजे प्रादेशिक गाड्यांची. त्यांत सायकल बहुतेक ठिकाणी फुकट, जागा असेल तर. उन्हाळ्यात काही प्रदेशांत काही गाड्यांना तिथेही आरक्षण लागतं, तेवढं आदल्या दिवशी तपासा.

मग आम्ही तुकड्यातुकड्यांनी निघालो: ओर्लेआं, व्हिएरझों, शातोरू. प्रत्येक बदलाला जिना उतरा, भुयारी वाट, जिना चढा. इथे एक युक्ती सांगते. गाडी यायच्या आधीच सायकलीवरच्या पिशव्या काढून खांद्याला लावा. डब्यात सायकल हुकाला पुढच्या चाकाने टांगावी लागते आणि भरल्या पिशव्यांसकट ती तेवढी वर उचलत नाही. दादा हे पहिल्याच गाडीत शिकला आणि पुढच्या प्रत्येक स्थानकावर अनोळखी लोकांच्या सायकली टांगून देत होता.

शातोरूला उतरलो तर फलकावर गाडीपुढे बसचं चित्र. मार्गावर काम चालू, त्यामुळे पुढे गाडीऐवजी बस. आर्जांतों तिथून तीसेक किलोमीटर. बसचालकाने सायकलींकडे बघून मान हलवली. नियमात नाही. पुढची बस तासाभराने, त्या चालकाचंही तेच. मी फलाटावरच्या कर्मचाऱ्याकडे गेले, त्याने बसवाल्यांकडे पाठवलं, बसवाल्यांनी परत त्याच्याकडे.

"दादा, सरळ सायकलनेच जायचं का?" मी विचारलं.

"अंधार पडायच्या आत पोचतो का आपण?"

"अवघड आहे."

"मग थांब. कुणीतरी दार उघडेलच."

मला थांबवत नव्हतं, पण तो डबा उघडून चपात्या काढून बसला. आणि खरंच, त्यानंतरच्या बसचा चालक खाली उतरला, सामानाचं पोट उघडलं, आत हात घालून माप घेतलं आणि म्हणाला, पुढची चाकं काढा, आडव्या ठेवा. चाकं काढायला दुकानदाराची हरकत नव्हती! बस सुटली तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. तेव्हा तुम्हीही हे लक्षात ठेवा: बस लागली तर चालकाशी तो बसमध्ये चढण्याआधी, पोट उघडं असताना बोला. चाकं सुटी करून हातात धरून उभे राहा. आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, रुळांची कामं बऱ्याचदा तेव्हाच निघतात.

त्यापुढचं सगळं सोपं आहे, इतकं की ते बिनधास्त स्वतःच ठरवा. मिशलँचा १ : १,५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा घ्या. लाल रस्ते सोडा, पिवळे गरजेपुरते, आणि पांढऱ्यांवर राहा. नकाशात रस्त्यांवर काढलेले बाण चढ दाखवतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन म्हणजे १३ च्या वर. खोऱ्यातून पठारावर चढताना दोन बाण नेहमीचेच. डी-रस्ते म्हणजे जिल्हा रस्ते, त्यांच्या क्रमांकात आकडे जितके जास्त, तितकी रहदारी कमी, हा माझा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरला.

गार्जिलेस हे दगडी घरांचं छोटं गाव, तिथून एग्युझोंच्या जलाशयाच्या बाजूने क्रोझां गावाकडे. हा जलाशय १९२६ च्या धरणाचा. क्रोझांला क्रोझ आणि सेदेल या नद्यांच्या संगमावर उंच खडकावर किल्ल्याचे अवशेष आहेत. दादा तिथे बराच वेळ तटाकडे बघत उभा होता. पुढे फ्रेसलीन. क्लोद मोने १८८९ मध्ये इथे येऊन राहिला आणि थोरली क्रोझ आणि धाकटी क्रोझ या दोन नद्यांच्या संगमाची वीसहून अधिक चित्रं त्याने काढली. वसंत आला आणि तो रंगवत असलेल्या ओकच्या झाडाला पालवी फुटली, तेव्हा मालकाची परवानगी काढून त्याने पानं खुडून घेतली, चित्रातला हिवाळा मोडू नये म्हणून. संगमापर्यंत पायवाट आहे, सायकल वरच ठेवा.

या भागात रस्ते पाणंदीसारखे दोन्ही बाजूंनी झाडांनी बांधलेले, मध्ये तांबूस लिमुझँ गाई, आणि अर्धा-अर्धा तास एकही मोटार नाही. आली तरी गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवून ओलांडायचं असा कायदा आहे आणि बहुतेक चालक तो पाळतात. तुम्ही मात्र गावात शिरताना उजवीकडून येणाऱ्या गल्लीकडे बघा. पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ती गल्ली कितीही चिंचोळी असली तरी. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरच्याला हक्क वाटतो, त्यामुळे दादाला हे मला रोज सांगावं लागलं.

खाण्याचं आधी ठरवा. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर सगळंच बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. सोमवारसाठी रविवारी सकाळीच पाव घ्या. पाणी संपलं तर गावची दफनभूमी शोधा, तिथे नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, तेवढं बघा. मुक्कामाला गावच्या नगरपालिकेचे तंबूतळ स्वस्त आणि स्वच्छ असतात. छोटा तंबू घेऊन सायकलवर आलेल्या आम्हाला कुणीही परत पाठवलं नाही.

मुतिए-दाअंच्या चर्चमधलं १७व्या शतकातलं लाकडी कोरीवकाम चुकवू नका, आणि ओब्यूसोंमध्ये भिंतीवर लावायच्या गालिच्यांचे माग बघा. युनेस्कोने ही कला २००९ मध्ये वारशाच्या यादीत घेतली. दादा विणकरांच्या मागे उभा राहून मागाच्या उलट्या बाजूने चित्र कसं उमटतं ते बघत राहिला, मला त्याला ओढून काढावं लागलं.

परतीची सायकलीची जागा मी पॅरिस सोडण्याआधीच, स्थानकाच्या खिडकीवर, माणूस-सायकल एकत्र अशी काढून ठेवली होती. तिचा कागद खिशात असल्यामुळे शेवटचा चढ आम्ही घाई न करता चढलो.

आणि हे राहिलंच होतं: उन्हाळ्यात रस्ते डागडुजीला निघतात आणि ताज्या डांबरावर बारीक खडी पसरतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसली की उतारावर ब्रेक आधीच दाबा, वळणावर नाही. सप्टेंबरनंतर जात असाल तर शिकारीचा हंगाम असतो, रानाजवळून जाताना भडक रंगाचं जाकीट घाला.