पिंक फ्लॉइडच्या पलीकडे
पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडवर माझा जीव आहे आणि तो तसाच राहील. पण आज नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या मित्राच्या घरी कॅमल या इंग्लिश बँडचा १९७५ सालचा ‘द स्नो गूज’ हा अल्बम सलग ऐकला आणि दुपार कशी सरली, ते कळलेच नाही. पॉल गॅलिकोच्या कथेवर बेतलेल्या या अल्बममध्ये गीताचे शब्दच नाहीत. कॅमलच्या अँड्र्यू लॅटिमर यांच्या बासरीतून कथेतले रायडर हे पात्र डोळ्यांसमोर उभे राहते. नंतर जेंटल जायंट हा दुसरा इंग्लिश बँड ऐकला. अनेक आवाज एकमेकांत गुंफत जातात, ताल अवचित वळतो (हा बँड निवांत बसूनच ऐकावा), आणि तरीही मैफलीत समेवर आल्याचे समाधान मिळते. आता इटलीच्या प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी या बँडची ओढ लागली आहे, कारण त्यांच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये बासरीच्या जोडीला व्हायोलिनही आहे.