कोशात नसलेला शब्द

ब्रुखखेडुल्ट हा शब्द डच भाषेत आहे की नाही, यावर आमच्या ऑफिसात अजून एकमत झालेलं नाही. ब्रुख म्हणजे पूल, खेडुल्ट म्हणजे धीर. हा शब्द मी लिहिलेल्या कोडने जुळवला आणि कुठल्याही कोशात तो नाही याची खात्री करूनच प्रश्नसंचात घातला. म्हणजे ॲपच्या हिशेबाने तो बनावट.

मी नेदरलँड्समधल्या उत्रेख्ट शहरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. देशात नव्याने आलेल्यांसाठी वाचनालयांत भाषा-कट्टे भरवणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही एक खेळ बांधतोय. स्क्रीनवर विचित्र वाटणारा डच शब्द येतो, तो खरा की बनावट ते सांगायचं. खऱ्या शब्दांची ददात नाही. पोटभर जेवल्यावर पोट सैल सोडून खुर्चीत रेलण्याला इथे एकच क्रियापद आहे, आउटबाउकन. अस्वस्थ माणूस खोलीत येरझाऱ्या घालतो त्याला एइसबेरन म्हणतात, म्हणजे ध्रुवीय अस्वलासारखं करणं. काळजी करत बसण्याला पीकरन. तो मलाय भाषेतून आला आणि त्याचं मूळ अरबीत आहे, आपल्या ‘फिकीर’चं आहे तेच.

गाडं अडतं ते बनावट शब्दांपाशी. अर्थहीन अक्षरं जुळवली तर डच माणूस क्षणात पकडतो आणि शिकणारा पूर्ण अंधारात राहतो. तो अन्याय होता. म्हणून मी खऱ्या शब्दांचे नवे समास करायचे ठरवले. आपण समास शाळेत सोडवतो, ही माणसं ते बोलता बोलता करतात, आणि कितीही लांबला तरी जोडूनच लिहितात. जोडताना मध्ये कधी ‘स’ येतो, कधी येत नाही. स्टाट म्हणजे शहर, पण शहरातली बाग स्टाड्सपार्क. पक्का नियम नाही, बोलताना ऐकू आला तर लिहायचा. यंत्राला कान नसतात, म्हणून प्रत्येक शब्द आधीच्या समासांत कसा वागलाय ते पाहून कोड तसंच वागतो. हे काम चांगलं झालंय, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

लांब शब्द फोनच्या पडद्यावर कुठे तोडायचा, यात माझा जीव आणखी गुंतला. डेइकरांप हा शब्द घ्या. डेइक-रांप असा तोडला तर बांध फुटल्याची आपत्ती, आणि डेइ-क्रांप असा तोडला तर मांडीत आलेला पेटका! ब्राउझरवर सोडलं तर तो कुठेही तोडेल, म्हणून तुटण्याच्या जागा मी एकेका शब्दात हाताने घातल्या. काही शब्दांत स्वरावर दोन टिंबं असतात. शब्द नेमका तिथेच तुटून पुढच्या ओळीत गेला तर ती टिंबं पुसायची, असा अधिकृत नियम आहे. तुटण्याची खूण फक्त आडवी रेघ जोडू शकते, टिंबं पुसू शकत नाही. अशा शब्दांची दोन रूपं मी साठवून ठेवलीत. खेळणाऱ्याला यातलं काही दिसणार नाही, तरी भाषेच्या खेळात भाषाच चुकीची लिहिलेली मला चालत नाही.

मग चाचणीची संध्याकाळ आली. वाचनालयात शिकणारे आणि डच स्वयंसेवक जोड्याजोड्यांनी बसले होते. इरिट्रियाहून आलेल्या एका बाईंच्या पडद्यावर ब्रुखखेडुल्ट आला. त्यांनी बोटाने शब्दाचा मागचा अर्धा भाग झाकला, ‘ब्रुख’ म्हणाल्या, बोट उचललं, ‘खेडुल्ट’ म्हणाल्या. मग शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला सावकाश डचमध्ये सांगू लागल्या, “बोट जायची असते, पूल वर जातो, सगळे सायकल धरून उभे राहतात. कोणी रागावत नाही. तो धीर.” शिक्षिकाबाई लगेच म्हणाल्या, “हो, आहेच की हा शब्द.” त्यांनी ‘खरा’ दाबलं आणि लाल फुली आली.

शिक्षिकाबाई माझ्यावर चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. बहुतेक डच माणसं शिकणारा जरा अडखळला की इंग्रजीत शिरतात. मदत म्हणून करतात, पण त्याने शिकणाऱ्याचं तोंडच बंद होतं. या बाई मात्र संपूर्ण वाक्य संपेपर्यंत थांबल्या होत्या.

प्रकल्प सांभाळणारा सहकारी म्हणतो, हिरवी पुस्तिका हाच पंच. ती सरकारी शब्दयादी, तिची शुद्धलेखनाची पद्धत सरकारी कामात आणि शाळांत बंधनकारक आहे. पण तिनेही निर्णय फिरवलेत. पिवळ्या रानफुलाच्या, पार्डब्लूमच्या नावात मध्ये ‘न’ नको असं 1995 ला ठरलं आणि 2005 ला तो घालायचा ठरला. शिवाय सगळे समास कुठलीच यादी मावून घेऊ शकत नाही. डच भाषेच्या ऐतिहासिक महाकोशाचा पहिला भाग 1864 ला निघाला आणि काम 1998 ला पूर्ण झालं, तरी त्याबाहेर शब्द उरलेच. एपिब्रेरेन हा शब्द तर सिमोन कार्मिखेल्ट या स्तंभलेखकाने 1950 च्या दशकात गंमत म्हणून रूढ केला, नेमकं काय ते न सांगता महत्त्वाचं काहीतरी करण्यासाठी. आज तो कोशात आहे. आमच्या खेळात त्याला हिरवी खूण मिळते.

सहकाऱ्याला खरा-खोटा हवं आहे कारण त्याचे गुण मोजता येतात आणि संस्थेला अहवालात आकडे दाखवता येतात. त्याची अडचण मला कळते, पण त्या बाईंनी समास नेमका डच माणूस सोडवतो तसा सोडवला, आणि नेमका तिथे आम्ही गुण कापला, हे मला पटत नाही.

मी तिसरं बटण केलंय, ‘कोशात नाही, पण कळतो’. ते दाबलं की काय कळलं ते लिहायचं. लिहिलेलं तपासणार कोण, इथे गाडी अडलीय. माझं म्हणणं, तपासूच नका, आधीच्यांनी लिहिलेले अर्थ पुढच्या खेळणाऱ्याला दाखवा. सहकारी म्हणतो, गुण नसतील तर कोणी खेळणार नाही. पुढच्या चाचणीत दोन्ही प्रकार ठेवून बघायचं ठरलंय, आणि ब्रुखखेडुल्ट संचात राहणार, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.