भरलेला सिलिंडर, कोरडा पंप

सकाळी शहाण्यासारखा चाललेला पंप दुपारी अडीचला धाप टाकायला लागला. आमचं यंत्र कार्बन डायऑक्साइडने वनस्पतींचा अर्क काढतं. पंपाला तो द्रवरूपच लागतो. नाहीतर नुसता खडखडाट, दाब चढतच नाही. म्हणून तर तळापर्यंत नळी सोडलेले सिलिंडर मागवतो.

सोबतच्या पोराने दोनदा सील बदलले. (आमच्याकडे काहीही बिघडलं की आधी सील. डोकं चालवण्यापेक्षा पाना चालवणं सोपं.) मी म्हटलं, पुरवठादाराने पुन्हा कमी भरून पाठवला असणार, संपलाय. तो म्हणाला, "पण सर, दाबाचं गेज तर ८२ बार दाखवतंय."

सकाळी ते ५७ वर होतं. माझी ट्यूब तेव्हाच पेटायला हवी होती.

सिलिंडर काट्यावर चढवला, मानेवर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं, तर आत चांगला २२ किलो माल! ठेवायच्या जागी दुपारी ऊन येतं. थर्मामीटर टेकवला: ३५ अंश.

कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१. त्याखाली द्रव आणि वायू एकत्र नांदतात तोवर गेज फक्त तापमान सांगतं, शिल्लक नाही. २० अंशांना ५७ बार म्हणजे ५७, माल थोडा असो की भरपूर. ३१ ओलांडलं की दोघांमधली सीमाच पुसली जाते. मग कितीही दाबा, द्रव वेगळा होत नाही. नळी तळाला पोचलेली असते, पण तळाशी वेगळं काही उरलेलंच नसतं. रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये याच वायूवरून हे मांडलं होतं. त्यांचे आलेख काढून मी परीक्षेत गुणही घेतलेत.

पंपाआधी नळीचं वेटोळं बर्फाच्या पाण्यात बुडवलं. दाब ७४ बारच्या, म्हणजे क्रांतिक दाबाच्या, वर असल्यामुळे गार होताना थेंब धरणं वगैरे काही नाही; वेटोळ्यात नेमका कुठे द्रव झाला हे सांगताच येत नाही. पंप मात्र थोड्या वेळात शांत झाला.

संध्याकाळी जुनी नोंदवही काढली. गेल्या उन्हाळ्यात दोन सिलिंडर 'रिकामे' म्हणून परत धाडलेत, दोन्ही दुपारी, खाली सही माझी. वहीत दाबाचा रकाना आहे. वजनाचा नाही.