उन्हाळा पाहिलेलं लाकूड

काकाजींचा पेन मे महिन्यात उलला. शब्द त्यांचाच. "फुटला नाही रे, उलला. वावर उलते तसा," असं म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. खालच्या भागावर टोकापासून निघालेली उभी चीर, नख जाईल एवढी, आणि आतली पितळी नळी दिसत होती. चिरेवर त्यांनी पांढरा दोरा घट्ट गुंडाळला होता आणि त्याच पेनाने रोजचा हिशेब लिहिणं चालू ठेवलं होतं. मजूर किती, कॅरेट किती, भाव काय.

तो पेन मी त्यांना पोळ्याच्या दिवशी दिला होता. आमच्याच बगीच्यातल्या संत्र्याच्या लाकडाचा.

आमचं गाव वरूड तालुक्यात. इथे संत्र्याचं झाड वाळलं की त्याचं सरपण होतं, दुसरा विचार कोणी करत नाही. डिंक्या लागला, साल कुजली, बुंध्यातून डिंक गळायला लागला की बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावून काही झाडं तगतात, काही हातची जातात. मी लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, आणला त्या वर्षी आम्ही अकरा झाडं काढली. त्यातली मनगटाएवढी एक सरळ फांदी मी बाजूला ठेवली तर माय म्हणाली, "सरपनाच्या लाकडाचा पेन करते का रे कोनी?"

करण्यासारखं लाकूड आहे ते. फिकट पिवळं, वजनाला जड, रेषा अगदी बारीक. सागवान दिसायला देखणं, पण त्यात वाळूसारखा कण असतो, पटाशीची धार लवकर जाते. शिवाय त्याला तेल असतं, स्पिरिटने पुसल्याशिवाय नळी नीट चिकटत नाही. बाभळीचा लालसर गाभा मला आवडतो, पण बोटभर जाडीत त्याची रेषा कुठे उचकटेल सांगता येत नाही. संत्र्याला तिरकी पटाशी लावली की भुगा उडत नाही. कागदासारखी लांब पट्टी सुटते आणि मनगटावर गुंडाळत येते. ती पट्टी सुटायला लागली की मला कळतं, धार बरोबर आहे, हात बरोबर आहे.

लेथ जुन्या कोठ्यात आहे, अर्ध्या एचपीच्या मोटरचा, सिंगल फेजवर चालणारा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती घुमते, म्हणून मी पहाटे पाचला बसतो. पेनाचं काम समजायला सोपं आहे. पाऊण इंच जाडीचा चौकोनी तुकडा, त्याला आरपार 7 मिलिमीटरचं भोक, भोकात पितळी नळी चिकटवायची. असे दोन तुकडे लोखंडी सळईवर ओवून लेथमध्ये धरायचे आणि चौकोनाचा गोल करायचा. भोक पाडताना घाई केली तर ड्रिल तापतं आणि तुकडा तिथेच चिरतो, म्हणून दर अर्ध्या इंचाला ड्रिल बाहेर काढून भुगा झाडायचा. शेवटी 220 पासून 600 नंबरपर्यंत पॉलिश पेपर, आणि मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. लेथ फिरत असतानाच कापडाने लाख लावली की घासणीच्या उष्णतेने स्पिरिट उडून जातं आणि लाकडाचा पिवळा रंग मधासारखा गडद होतो. ही लाख येते पळस-कुसुमासारख्या झाडांवरच्या किड्यापासून. रानातला पळस माझ्या पेनावर येऊन बसतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

पण चीर का गेली? सगळं तर नीट केलं होतं.

उत्तर काकाजींच्या शब्दातच होतं. पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते, वैशाखात आकसते आणि वावराला पाय अडकेल अशा भेगा पडतात. लाकडाचं तेच. फांदी मी उन्हाळ्याच्या शेवटी तोडली, काही महिने ठेवली आणि ऐन श्रावणातल्या ओल्या हवेत तिचा पेन केला. लाकूड लांबीला फारसं आकसत नाही, आडवं आकसतं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास आणि हवा अगदी कोरडी. लाकडाला आकसायचं होतं, आतली पितळी नळी जागा देईना. नळीवरच्या लाकडाची जाडी जेमतेम एक-दीड मिलिमीटर. ते कुठे जाणार? उललं.

एबोनाइटकडे वळावं असं तेव्हा मनात आलं होतं. रबर आणि गंधकापासून बनलेलं हे कडक द्रव्य उन्हाळ्यात असं चिरत नाही. लेथवर कातलेल्या एबोनाइट पेनांशी आपल्या वर्ध्याचंही नातं आहे. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहणाऱ्या कुमारप्पांमार्फत राजमहेंद्रीच्या रत्नम या पेन बनवणाऱ्यांचा पेन गांधीजींकडे पोचला. विदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असं गांधीजींनी 1935 मध्ये रत्नम यांना पत्राने कळवलं. ही गोष्ट मला काकाजींनीच सांगितली होती. पण एबोनाइटचा गज मला विकत आणावा लागेल. संत्र्याचं झाड माझ्या बाबांनी लावलेलं आहे, त्याला पाणी मी दिलेलं आहे. मी लाकडावरच राहिलो.

पद्धत मात्र बदलली. आता फांदी तोडली की त्याच दिवशी दोन्ही टोकं मेणात बुडवतो, कारण लाकूड टोकांकडून सर्वात आधी वाळतं आणि चीर तिथूनच सुरू होते. मग तुकडे पाडून प्रत्येकावर महिना आणि वजन लिहितो. ओला तुकडा 52 ग्रॅम भरला तर तो उतरत उतरत 38 वर येतो. काटा हलायचा थांबला तरी मी हात लावत नाही. त्या तुकड्याने एक पूर्ण मे महिना माळ्यावर, टिनाच्या खाली काढला पाहिजे. चिरायचा असेल तर तिथेच चिरू दे. भोकसुद्धा मी आता उन्हाळ्यातच पाडतो आणि नळी तेव्हाच बसवतो. पावसाळ्यात लाकूड थोडं फुगलं तर टोकाशी केसाएवढा उंचवटा बोटाला लागतो, पण पेन उलत नाही.

काकाजींना दुसरा पेन यंदा अक्षय तृतीयेला दिला. मे गेला, मृग लागला, चीर नाही. दोऱ्याचा पेन परत मागितला तर म्हणाले, "राहू दे, लिहिते ना अजून." दोन्ही पेन त्यांच्या खिशात असतात. हिशेब दोऱ्याच्याच पेनाने लिहितात, नवा सहीसाठी ठेवला आहे.

माळ्यावर सध्या सतरा तुकडे आहेत. त्यातल्या नऊ तुकड्यांचा उन्हाळा पाहून झाला.